कंपनीला माणूस मिळेना

सुनेला नोकरीला जाऊ द्यायचं का न्हाई, ह्यावर मी आठ दिवस अडून बसलो होतो. आता सांगायला लाज वाटत न्हाई.

आमच्या गावी नांद्यात, घराच्या वरच्या खोलीत यवतमाळकडचा एक भाडेकरू राहतो. हिंजवडीच्या कंपनीत कुणाचा कॉम्प्युटर अडला, की फोनवरून त्याला वाट दाखवायची, हे त्याचं खातं. खात्यात चार जागा रिकाम्या आणि माणूस मिळेना.

"गावात घरटी एक कॉम्प्युटरचा कोर्स केलेला हाय, आन् तुला माणूस मिळंना?" मी विचारलं.

"काका, सर्टिफिकेट सगळ्यांकडे आहे. पण समोरच्याचं नेट बंद पडलं तर पहिलं काय विचारशील म्हटलं, की सांगतात, फॉरमॅट मारू."

मला पटलं न्हाई. भावकीतली तीन पोरं शब्द टाकून पाठवली. तिघंही कंपनीच्या परीक्षेत नापास होऊन परत. "कंपन्यांनी आमच्या जमिनी घेताना कुणाची परीक्षा घेतली न्हवती," असं मी त्याला जिन्यातच सुनावलं.

पुढं एकदा रानात विहिरीवरची मोटार चालू होईना. घरी फोन लावला न् ओरडलो. सून शांतपणे म्हणाली, "मामा, आधी कशाला हात लावू नका. पेटीवर दिवे किती लागल्यात?"

मोजले. दोन.

"तीन पायजेत. एक फेज गेलाय, मोटार जळंल. तुमी सावलीला बसा, वायरमनला मी सांगते."

भाडेकरू अंगणात गाडी पुसत हे ऐकत होता. मी घरी आलो तसा म्हणाला, "काका, दोन महिने मी हेच शोधतोय. वहिनींना पाठवा." माहेरी कासारसाईला तिनंही तोच कोर्स केलेला.

"आमच्या बाया दुसऱ्याच्या हाताखाली जात न्हाईत," मी म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. भावकीत रीत अशी, की आधी चार घरांचं बघायचं, मग आपलं. पोरं पडली आणि सून लागली, तर लोक म्हणणार, म्हाताऱ्यानं जागा घरासाठी राखली.

आठ दिवस असेच गेले. मग एकदा भाकरी वाढताना म्हणाली, "मामा, आज दुपारी परीक्षा हाय म्हणं. एवढं कशाला घाबरताय? मी नापास झाले, तर भावकीला काय सांगायचंच न्हाई."

"माझ्या घरातलं माणूस नापास व्हतंय व्हय?" तोंडातून निघून गेलं.

ती हसली, हात धुतले आणि साडी बदलायला आत गेली. लागली नोकरीला.

पारावर चुलतभाऊ म्हणाला, "जागा घरातच मुरवली की रं!"

"मुरवली. तीन हायेत अजून. तुझं पोरगं दे धाडून संध्याकाळचं, सून शिकवंल. तिला इचारलंय मी."

महिना झाला. पोरगं आलेलं न्हाई, आणि त्या तीन जागा अजून तशाच हायेत.