काकीचा करंडा

आणीबाणी उठली त्या वर्षी मला कारखान्यानं पंप बसवायला सिंगापूरला पाठवलं. कोरेगावाजवळच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. विश्रामबागेच्या कॉलेजात शिकून इंजिनियर झालो होतो आणि आता विमानात बसणार होतो. बडेजाव मी लपवला नाही, कशाला लपवू? निघताना सगळ्यांनी नारळ दिले. चुलतीनं मात्र स्वतःचा कुंकवाचा लाकडी करंडा माझ्या हातात ठेवला.

काका दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर सिंगापूरला गेले आणि बेपत्ता झाले. कागदावर तेवढाच शब्द आला होता. पस्तीस वर्षं काकी रोज मेण लावून कुंकू लावत आली. विधवेच्या पेन्शनच्या कागदावर तिनं कधी अंगठा दिला नाही. बायका पाठीमागं म्हणायच्या, "लंकेला गेल्याला मारुतीबी माघारी आला, हिचा अजून वाटंवरच हाय." मग उंब्रजचे एक म्हातारे सुभेदार सांगून गेले, की तिकडं भिंतींवर मेलेल्यांची नावं कोरली आहेत.

"नाव दिसलं तर ह्यो तिथंच ठिवून ये," काकी म्हणाली. "न्हाई दिसलं तर माघारी आण. तोंडानं काय सांगू नको. मला समजंल."

"आवं काकी, हे माझ्यावर कशाला?"

"मग कुणावर रं? दुसऱ्या कुणाला विंग्रजी येतंय घरात?"

मद्रासवरून विमान पोचलं ते रविवारी सकाळी. झोप नव्हती, कानात घरघर चालूच होती. काम सोमवारपासून. सुभेदारांनी सांगितलेली जागा शहराबाहेर टेकडीवर होती, बस तिथवर जात होती. तरी मी आधी शहरच फिरलो. उंच इमारतींच्या खिडक्यांतून बांबू बाहेर काढलेले, त्यांवर धुणं. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. तमिळ लोकांच्या गल्लीत केळीच्या पानावर भात जेवलो, वर दोनदा कॉफी प्यालो. खरं सांगायचं तर मी वेळ काढत होतो. खिशातला करंडा मांडीला लागत होता.

शेवटी मोगऱ्याचा हार घेतला. हारवाली बाई मोडक्या हिंदीत म्हणाली, "मंदिर?"

मी हो म्हणालो.

टेकडीवर कापलेलं गवत आणि ओळीनं पांढरे दगड. पायऱ्यांपाशी मी बूट काढले. तिथला माळी हसला, बूट चालतात अशी खूण केली. मी तसाच अनवाणी वर गेलो. फरशी तापली होती. काकांच्या पलटणीची भिंत सापडायला तासभर लागला. मग वरून खाली एकेक नाव बोट लावून वाचत गेलो, शाळेत पहिल्यांदा वाचलं होतं तसं.

नाव होतं. एकाखाली एक, दोनदा होतं.

आमच्याकडं एका आडनावाची गावंच्या गावं, आणि नावं तर देवांचीच. गाव कोरलेलं नव्हतं, बापाचं नाव नव्हतं. यातले काका कोणते? की दोघंही दुसऱ्याच कुणाचे? करंडा मी दोनदा खाली ठेवला आणि दोनदा उचलला. एका बाईचं कपाळ पुसायचं होतं, आणि माझी सगळी पदवी तिथं उपयोगाची नव्हती. हार भिंतीच्या पायथ्याशी ठेवला आणि करंडा खिशात घालून परत आलो.

दीड महिन्यानं घरी पोचलो. काकी दारातच उभी होती. मी करंडा पुढं केला. तिचा चेहरा उजळला. ते मला बघवेना.

"काकी, ऐका. नाव हाय. पण त्या नावाचे दोघं हायत. आपला कुठला, कळंना."

तिनं करंडा हातात घेतला. मग म्हणाली, "हार घातलास?"

"व्हय. दोघांना मिळून एकच."

"दुसऱ्याचीबी कुणी असंल की रं कुठंतरी." करंडा तिनं पदराखाली धरला. "तिला कुणी सांगितलंय का न्हाई, कुणास ठावं."

एवढंच बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं भाकरी थापत होती. कपाळ मोकळं होतं. करंडा देवळीत होता, झाकण घट्ट लावलेला.

"बस," ती म्हणाली. "गरम हाय तवर खा."

मी पाट ओढून बसलो.