सरांनी मागे घेतलेलं पाणी

"लिंक नको, डीओआय सांगा!" असं म्हणून सर टेबलावर दोन बोटं आपटायचे. समोर विद्यार्थी असो, नाहीतर प्राचार्य.

आकुर्डीच्या एका कॉलेजात मी त्यांच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. डीओआय म्हणजे संशोधनाच्या माहितीला मिळणारा कायमचा क्रमांक. माहिती एका संकेतस्थळावरून दुसरीकडे हलली, तरी तो क्रमांक टाकला की सापडते; लेखात दाखलाही त्याचाच द्यायचा. सरांनी हे मला इतक्या वेळा शिकवलं, की तुम्ही असतात तर हात जोडले असते.

एकदा सरांच्या मेव्हण्याने लग्नाच्या हॉलची लिंक पाठवली, तर हे गाडीतच भडकले. "ही लिंक मेली तर नवरदेव शोधायचा कुठे?" हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

पण माणूस कामाला वाघ, राव! चाकणजवळच्या आमच्या गावात कारखान्यामागच्या विहिरींना तांबूस पाणी यायला लागलं, तेव्हा सर दर महिन्याला स्वतः बाटल्या भरायला यायचे. माझ्या काकूच्या विहिरीत तर पँट दुमडून उतरले होते. सगळे आकडे त्यांनी ऑनलाइन भांडारात जमा केले, डीओआय घेतला आणि माझ्याकडची प्रत पुसायला लावली. "दहा प्रती म्हणजे दहा घोटाळे. एकच ठेवायची." मी पुसली. सरांवर विश्वास नाही ठेवायचा, तर कुणावर?

पुढे त्यांनी कॉलेज सोडलं. गावाने कारखान्याविरुद्ध तक्रार केली, तेव्हा पुरावा म्हणून मी तोच क्रमांक दिला. सुनावणीला सर येणार होते, आले नाहीत. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी क्रमांक टाकला. पान लगेच उघडलं. वर शीर्षक, सरांचं नाव, आणि खाली एकच ओळ: जमा करणाऱ्याच्या विनंतीवरून माहिती मागे घेतली आहे.

"यात आकडे कुठे आहेत?" साहेब म्हणाले आणि पुराव्याअभावी तक्रार निकाली काढली.

मी बाहेर येऊन फोन लावला. "सर, माहिती काढून टाकलीत?"

"काढली नाही, मागे घेतली. नोंद आहे ना तिथे! सगळं नियमाप्रमाणे आहे."

"काकूची विहीर होती त्यात, सर."

"हे बघ, मी आता त्याच कंपनीचा सल्लागार आहे. समजून घे."

नाही घेणार समजून. का घ्यायचं? केसाने गळा कापला माणसाने, आणि वर नियम सांगतो!

काकू फाटकाशी उभी होती. "सर आलं न्हाईत व्हय? आजारी हायत का रं?"

"व्हय, काकू."

तिने पिशवी माझ्या हातात दिली. पावट्याच्या शेंगा होत्या.

"त्यांच्या घरी दे. टँकरच्या पाण्यावर वाढवल्यात, आपल्या विहिरीचा थेंब न्हाई घातला. बिनघोर खावा म्हनावं."