आवाजाचं इंजेक्शन

चैत्रातल्या जत्रा सुरू झाल्या की नारायणगावच्या एका तमाशा फडातला गायक आमच्या दवाखान्यात येतो. मी तिथं कंपाउंडर आहे. भर उन्हातही त्याच्या गळ्याला मफलर असतो आणि गालात ज्येष्ठमधाची काडी. आवाज रात्रीसाठी राखायचा म्हणून दिवसा तो कुजबुजतच बोलतो. घसा बसला की हळूच म्हणतो, "पावणं, आवाजाचं द्या." ते स्टिरॉइड असतं. संध्याकाळपर्यंत गळा मोकळा होतो.

असं सारखं घेतल्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, हे डॉक्टर त्याला दर वेळी बजावतात. त्याची साखर वाढलीच आहे. चेहरा सुजून गोल झालाय, आणि फडातले लोक म्हणतात, तब्येत सुधारली. तो नुसता हसतो.

परवा तो फडातल्या एका नव्या गायिकेला घेऊन आला. तिचा घसा पार बसला होता. तिनं खुणेनंच ते इंजेक्शन मागितलं. तेव्हा तो पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्यानं बोलला.

"हिला द्यायचं न्हाई. एकदा सवय लागली का सुटत न्हाई. पोरी, आज तू नुसती नाच. तुजं गाणं मी मागून म्हनतो."

तिला त्यानं बाहेर बाकावर बसवलं, हातात गरम पाण्याचा पेला दिला. मग आत आला, दार लोटलं आणि स्वतःची बाही वर सारली.