पाण्यातलं भूत

भिलाईत कारखाना उभा राहत असताना आमच्या तलावाचा तळ तपासायला आलेला तो माणूस कुठल्याही प्रश्नानंतर क्षणभर थांबायचा. "चहा घेता?" विचारलं तरी थांबायचा. मला तो गर्विष्ठ वाटला. मग त्याचं काम पाहिलं.

पाण्यात छोटा बार उडवून तो खडकावरून परतणारा आवाज यंत्रावर टिपायचा. पण तोच आवाज पाण्याच्या पृष्ठभागाला आपटून मागून पुन्हा यायचा आणि कागदावर नसलेला खडक दाखवायचा. त्याच्या धंद्यात याला भूत म्हणत. ते ओळखायला तो ऐकण्याची दोन यंत्रं वरखाली सोडायचा. खडकावरचा आवाज खालच्याला आधी पोचायचा, भूत वरच्याला. मागचा आवाज येऊन जाईपर्यंत थांबणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

एकदा तो आनंदाने ओरडला, "भूत सापडलं!"

त्याच्या नावाड्याने नाव काठाला लावून उडीच मारली. "मले नाही बसाचं. घरी लेकरं हायेत."

"बसा भाऊ, काही नाही होत," तपासणारा म्हणाला.

मी तिथला साहेब; खडक कुठे ते कळेना म्हणून माझ्या पंपघराचा पाया अडला होता. मी दरडावलं, "बस, काही होत नाही!"

नावाडी हलेना. तपासणारा नेहमीसारखा थांबला, मग म्हणाला, "थे भूत नाही, भाऊ. साहेब आहे. एकानं बोललं का मागून तेच बोलते."

नावाड्याने माझ्याकडे पाहिलं, फिसकन हसला आणि नावेत बसला. दिवसभर तलावावरून ऐकू येत होतं, "साहेब आला का?" "आला." "काढ त्याले!"

संध्याकाळी मी विचारलं, "खडक मिळाला?"

तो थांबला. नावाडीच बोलला, "मिळाला जी. पान्यातले सारे साहेब काढले. काठावरचे तेवढे राहिले."