वाटूरच्या काट्यावर मी बंद केलेली घंटी

सावधान! तमाम सज्जनहो, हातातला चहा खाली ठेवा, पंखा हळू करा — आज इथे एक अत्यंत गंभीर बाब जाहीर होणार आहे. ती आजवर कुणालाही ठाऊक नाही. माझ्या बायकोलाही नाही, आणि तिला ठाऊक नसलेलं माझ्याबाबतीत फारसं काही उरलेलं नाही. बाब अशी, की संगणकाच्या पोटातली एक घंटी मी बंद केली होती.

हसलात? हसा. मीही हा किस्सा इतकी वर्षं हसवायलाच सांगत आलोय — फक्त अर्धा. जालन्यातल्या माझ्या दुकानात बसलेल्या प्रत्येकाने तो ऐकलाय. शेटजींनी मला टॉवेल-टोपी-नारळ कसा दिला, फोटोत मी नवरदेवासारखा कसा उभा आहे... उरलेला अर्धा आज सांगणार. ठरवलंय म्हणजे ठरवलंय.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. वाटूर फाट्याजवळ कापसातली सरकी काढायचं एक जिनिंग होतं. कापसाची गाडी आली की आधी भुईकाट्यावर चढायची, वजन व्हायचं, मग आत जायची. काट्यावर लिंबाजीमामा. माझे नात्याने कुणी नव्हेत. आख्खा गाव त्यांना मामाच म्हणायचा. त्यांची रीत अशी — वजन दिसलं की खड्या आवाजात पुकारायचं, गाडीवाल्याने ‘बराबर’ म्हणायचं, मगच गाडी हलायची. आणि हात असा चपळ, की एक गाडी उतरते न उतरते तोच दुसरीची चाकं काट्यावर!

जिनिंगचे मालक असलेल्या शेटजींना काटा संगणकाला जोडून हवा होता. मी जोडला. मदरबोर्ड मीच आणलेला, स्वस्तातला, आणि त्याला एक खोड होती. आता नीट ऐका — सगळं यातच आहे. संगणक आपल्या कामात गुंग असतो. कुणी कळ दाबली, काट्याकडून वजन आलं, की बोर्ड घंटी वाजवून त्याचं लक्ष वेधतो. इंटरप्ट म्हणतात त्याला. घंटी ऐकून काय करायचं, ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये लिहिलेलं असतं. हा बोर्ड मात्र एका खऱ्या घंटीमागे चार खोट्या वाजवायचा, आणि यंत्र भांबावून गोठायचं.

बोर्ड बदलायला हवा होता, नाही का? पण ते कर्नेल कुणीही उघडून बदलावं असं, सीडीवर आलेलं — आणि मी तरुण! जिल्ह्यात कर्नेलला हात घालणारे आपण एकटेच, या तोऱ्यात मी त्यात थोड्या ओळी घुसवल्या. एकदा घंटी वाजली की पुढे थोडा वेळ त्या बाजूची कुठलीच घंटी ऐकायची नाही. तो ‘थोडा वेळ’ही मी जरा सढळ हातानेच धरला. खोट्या घंट्या थांबल्या. यंत्र शहाण्यासारखं चालू लागलं.

आणि हो — मामांचं पुकारणंही मीच थांबवायला लावलं. छापील पावती मिळत असताना आरडाओरडा कशाला?

तपासणीच्या दिवशी गाड्या सावकाश चढल्या, पाहुण्यांसारख्या. सगळं बराबर. टॉवेल-टोपी-नारळ तो त्या दिवशीचा.

मग हंगाम आला. एका कास्तकाराने आपली पावती आपल्या आधी काट्यावर चढलेल्या बैलगाडीवाल्याच्या पावतीशी ताडून पाहिली. दोन्हींवर एकच वजन! तो भडकला, “ट्रालीत काय हवा भरून आणली व्हती का मी?” बाकीच्यांनीही खिशातून पावत्या काढल्या. संध्याकाळच्या आत गावभर झालं — लिंबाजी गाडीवाल्यांकडून पैसे खातो आणि वजन फिरवतो.

शेटजींचा फोन आला, उद्या सकाळी ये. मी दुकानातल्या तसल्याच बोर्डावर पाठोपाठ दोन वजनं पाठवून पाहिली. दुसरं गायब! पडद्यावर पहिलंच तसंच. कारण दुसऱ्याची घंटी माझ्या ओळींनी खोटी ठरवली होती. मामा चपळ होते, एवढाच त्यांचा गुन्हा. किती वेळ लागला मला हे कळायला? चहा निवायच्या आत कळलं. लगेच दुरुस्तही केलं.

म्हणजे सकाळी मी वाटूरला गेलो तो सगळं जाणून गेलो — दुरुस्तीची फ्लॉपी खिशात घेऊन. काट्यापाशी शेटजी, कास्तकार, मामा. शेटजींनी विचारलं, यंत्राची चूक आहे का? मी म्हणालो, “मशीन बिलकुल चुकत नसतं, शेटजी. माणूस घाई करतो.”

मग ‘जरा साफसफाई करतो’ म्हणून फ्लॉपी घातली.

मामांना त्याच दिवशी काढलं. नवा माणूस आला आणि वजनं चुकायची थांबली — थांबणारच! पण लोकांना काय दिसलं? लिंबाजी गेला आणि चोरी थांबली. माझ्या दुरुस्तीनेच त्यांना चोर ठरवलं. पुन्हा कुठल्या जिनिंगने त्यांना काट्याजवळ उभं केलं नाही. ते कापसाच्या गठाणी उचलायला लागले. पोरंसोरं मागून ओरडायची, “मामा, किती भरलं?” हे मी स्वतः ऐकलंय — स्कूटरचा वेग वाढवून.

भीती होती का मला? होती. त्या बोर्डाची, दुकानाच्या नावाची. पण भीती सगळ्यांनाच असते. ती इथे पुढे करणार नाही.

येत्या बाजारच्या दिवशी मी वाटूरला जाणार आहे. फाट्यावर, चारचौघांत, मामांसमोर हे सगळं असंच सांगणार — नारळाचा अर्धा वगळून. ते काय म्हणतील ते म्हणोत. काही म्हणाले नाहीत तरी मी काही मागायला जात नाहीये.

एक मात्र राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. त्या सकाळी मी स्कूटरवरून उतरलो, तेव्हा मान खाली घालून उभ्या असलेल्या मामांचा चेहरा एकदम उजळला. शेटजींनी मला काही विचारायच्या आधीच ते सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांच्या त्या पुकारायच्या आवाजात बोलून गेले, “आला बघा इंजनेर! आता त्यालाच इचारा. त्याला काय गरज पडली खोटं बोलायची?”