दिवाळीच्या सुट्टीतला डिस्क गोल्फ

डिस्क गोल्फ आम्ही कधी पाहिलेला नव्हता. अमेरिकेतून कॉलेजला भेट द्यायला आलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं ताटलीसारख्या दोन लाल, जडशा डिस्क माझ्या मित्राच्या हातात ठेवल्या, त्या ज्यांत फेकायच्या त्या तिकडच्या लोखंडी टोपल्यांचं आणि साखळ्यांचं रसभरीत वर्णन केलं आणि तो निघून गेला. टोपल्या आम्ही कुठून आणणार? आम्ही झाडं ठरवली. वर्कशॉपमागची चिंच पहिली, मग लायब्ररीजवळचा कांचन, असं करत करत शेवटी हॉस्टेलसमोरचं बुचाचं झाड. डिस्क खोडाला लागली की ते झाड झालं. कमी फेकींत सगळी झाडं करील तो जिंकला. संस्थापकांच्या पुतळ्याला लागली तर एक फेक दंड, वर नमस्कार. त्या वर्षी पुतळ्याला आम्ही जेवढे नमस्कार घातले तेवढे जयंतीलाही कोणी घातले नसतील.

खरं तर आम्ही कॉलेजचे उरलोच नव्हतो. दोघांनाही एकाच सॉफ्टवेअर कंपनीनं कॅम्पस इंटरव्ह्यूत घेतलं होतं, मग अमेरिकेत मंदी आली आणि जॉइनिंगची तारीख पुढे पुढे सरकत राहिली. माझं बरं होतं. घर खडकीत, फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये. दुपारी आईच्या हातचं जेवून सायकलवर यायचो. मित्र वर्ध्याकडचा. तो एका ज्युनियरच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहत होता. अशा पाहुण्याला हॉस्टेलात प्रेमानं पॅरासाइट म्हणतात. निवड झाली त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांनी गावभर पेढे वाटले होते, शाळेनं हार घालून सत्कार केला होता. तारीख हातात पडेपर्यंत पेढे वाटू नयेत, ही अक्कल तेव्हा कोणालाच नव्हती. त्यामुळे घरी त्यानं सांगून ठेवलं होतं, ट्रेनिंग सुरू आहे. पोळ्याला गेला नाही, दसऱ्याला गेला नाही. आता दिवाळी आली होती आणि मेसही बंद झाली होती.

त्या दुपारी मला अजून स्वप्नात पाहिल्यासारख्या आठवतात. सगळी मुलं गावी गेलेली. वर्गांना कुलपं. बुचाची फुलं पडून रस्ता पांढरा झालेला आणि वास असा, की आपण कुठे निघालो होतो तेच विसरायला व्हावं. डिस्क हातातून सुटायची आणि हवेत इतका वेळ राहायची की तेवढ्यात नोकरी, कंपनी, अमेरिका, सगळं मागे पडायचं. फक्त वॉचमन भानावर आणायचा. "इंजिनिअर झालात ना? मग ताटं काय फेकताय?"

एका दुपारी आम्ही नेहमीप्रमाणे सायबर कॅफेत मेल बघायला गेलो. मला तारीख आली होती. त्याच्या मेलबॉक्सात काही नव्हतं. त्यानं पुन्हा उघडून पाहिलं, मग माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चल, गेम बाकी आहे."

या खेळात ज्याची डिस्क झाडापासून सर्वांत लांब, त्यानं आधी फेकायचं; पुढच्यानं थांबायचं. त्या दिवशी तो सारखा मागे पडत होता आणि मी त्याच्या पुढे उभा राहून वाट पाहत होतो. मला ते असह्य झालं. कांचनापाशी मी मुद्दाम हात आखडून डिस्क चार पावलांवरच टाकली. पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा, बुचापाशी, त्यानं ओळखलं.

"दया करून राहिला काय बे माझ्यावर? नीट फेक."

मला रागच आला, त्याचा, कंपनीचा, माझ्या त्या मेलचाही. मी डिस्क खाली ठेवली. "नाही फेकत. तू घरी जा."

"अन् काय सांगू घरी?"

"काहीही सांग. इथे रिकाम्या हॉस्टेलात दिवाळी करणार आहेस का?"

तो बुचाखाली बसला. मग हळूच म्हणाला, "बाबा गावात मान वर करून चालतात रे आजकाल." मी त्याच्या शेजारी बसून राहिलो. ऊन उतरलं तसा तो उठला आणि बॅग भरायला गेला. आईनं दिलेल्या चकल्या मी त्यात कोंबल्या. रात्रीच्या गाडीचं रिझर्व्हेशन कुठलं मिळायला. जनरल डब्याच्या दारातून आत ढकलला त्याला. गाडी हलली तेव्हा वाटलं, आपण त्याला वाघाच्या तोंडी तर दिलं नाही?

दुसऱ्या दिवशी मी एसटीडी बूथवरून त्याच्या घरी फोन लावला. वडिलांनी उचलला. मी नाव सांगितलं आणि भीत भीत विचारलं, "काका, पोचला ना तो?"

"पोचला ना. जेवला अन् झोपला. उठवू काय?"

"नको, नको. काही बोलला का?"

"ओट्यावर पाय ठेवता ठेवताच बोलला सगळं. काहून रे बाप्पा, इतके महिने एकटा राह्यला तो तिकडे? आमच्या घरी दिवाळी नव्हती काय?"

"काकू कशा आहेत?" मी एवढंच विचारलं. ते म्हणाले, "त्याची माय जाग्यावरून उठून नाही राहिली. त्याच्या उशाशी पंख्यानं वारा घालत बसली हाय."