गणेशपट्टी

दाराच्या चौकटीत वरचं जे आडवं लाकूड असतं, त्याला आमच्याकडे गणेशपट्टी म्हणतात. मधोमध गणपती कोरलेला असतो म्हणून. आम्ही बौद्ध, आमच्या घरात गणपती नाही, तरी त्या लाकडाला दुसरं नाव कुणी दिलं नाही. मीही देत बसत नाही. आता कंटाळा येतो.

नव्वद सालाच्या आसपास वडिलांनी मेहरूणला दोन खोल्या बांधल्या. दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळ्या करून माणूस पार पिळून निघालेला, पण एका गोष्टीवर अडून होता. दारावर पिंपळाचं पान हवं. म्हणायचे, जन्मभर भाड्याच्या दारांतून आत गेलो, एक दार तरी आपलं दिसू दे. धुळ्याकडचे एक म्हातारे सुतार होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. वडिलांनी त्यांना कागदावर पान काढून दिलं.

चौकट आली तेव्हा पट्टीवर सोंडेसकट गणपती. कागद आबांच्या खिशातच राहिलेला.

"हातले सवय पडी जायेल शे, भाऊ," ते म्हणाले. "मना ध्यानमाच नही ऱ्हायनं."

आई भडकली. तासून टाका म्हणाली. आबा रंधा हातात घेऊन नुसतेच उभे. त्यांच्याच्यानं ते होईना. वडील पाळीवरून येऊन विटांच्या ढिगावर बसले होते.

"नको," ते म्हणाले. "देव तुमचा आहे, आबा. माझ्या दारात त्याच्यावर रंधा चालायला नको."

मला त्यांचा रागच आला. आपल्या दाराचं राहिलं बाजूला, आणि काळजी लोकांच्या देवाची.

आबांनी पट्टी काढून फडक्यात गुंडाळून नेली. आठवड्यानं पदरच्या लाकडाची दुसरी आणून बसवली. कडेनं वेलबुट्टी, मध्ये वीतभर जागा कोरी. कागद वडिलांना परत दिला, आता हाताचा भरवसा नाही म्हणाले. सुट्टी असेल तेव्हा निरोप धाडा, तुम्ही समोर उभे राहा, मग पान कोरतो.

वडिलांची सुट्टी झोपण्यात जायची. या रविवारी बघू, पुढल्या रविवारी बघू. तेवढ्यात आबा गेले. वडील निवृत्त झाले तोवर त्यांना चार पावलांत दम लागत होता. ओट्यावर खाट टाकून पडायचे, वर बघायचे, आणि म्हणायचे, राहिलंच ते.

त्यांना नेलं त्या दिवशी मी त्या कोऱ्या जागेकडे बघून रडले. ते त्या दारातून शेवटचे बाहेर पडले, आणि दार अजून भाड्याचंच दिसत होतं.

कागद माझ्याकडे आहे. सुतार शोधायला हवा. या रविवारी बघू म्हणते, आणि झोपून जाते.